लंकाबाईची बरणी

"तुम्ही नका मावशी. त्या मालेगावच्या सिस्टरला धाडा ना," भागीबाई पालथी पडूनच म्हणाली.

लंकाबाई ट्रे घेऊन खाटेशी पोचली होती, चिमट्यात कापूसही धरला होता. नाशिकच्या त्या दवाखान्यात भाजलेल्यांच्या वॉर्डात ती ड्रेसर होती. चिकटलेली पट्टी ती अशी काढायची की माणसाला कळतसुद्धा नसे. लोक तिच्यासाठी खोळंबून राहत. नको म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

"का गं? माझ्या हाताला काटे फुटले?"

"तसं नाय. पर त्या सिस्टर लय गोड बोलत्यात."

गोड बोलतात! लंकाबाईच्या जिवाचा तिळपापड झाला. जहिदा सिस्टरला या वॉर्डात येऊन वर्षही झालं नव्हतं. आली तेव्हा पट्टी ओढताना पेशंटइतकाच तिचाही चेहरा पिळवटायचा. मग ती लंकाबाईच्या मागे उभी राहून बघू लागली, आणि बघता बघता थोडंफार शिकली. ते ध्यानात आल्यापासून लंकाबाई पडदा पुरता ओढून, पाठ करून काम करायची. हे कसब तिला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं. म्हाताऱ्या चिमणाबाई ड्रेसरसाठी तिनं तरुणपणी किती वर्षं गरम पाणी वाहिलं, तेव्हा कुठे चिमणाबाईनं एकेक युक्ती सांगितली. ही पोरगी फुकटात घेऊन जाणार?

बरणीचंही तेच. चिमटा बुडवून ठेवायची जंतुनाशक पाण्याची एक काचेची बरणी प्रत्येकीकडे असे. दर शनिवारी सगळ्या बरण्या रिकाम्या करून उकळायच्या, आणि ते काम आता जहिदाकडे होतं. तिनं आपल्या बरणीला हात लावावा हे लंकाबाईला सोसेना. ती बरणी कपाटात कुलूप लावून ठेवू लागली. पाणी उतरलं की वरून भर घालायची. औषधाचंच पाणी, त्याला काय धाड भरणार?

त्या पावसाळ्यात वॉर्डातल्या जखमा हिरव्या पडू लागल्या. पट्टीवर हिरवट डाग, गोडसर वास, मग ताप. जेन्टामायसिनची इंजेक्शनं पूर्वी हमखास लागू पडत, ती पाण्यासारखी वाया जाऊ लागली. शेजारच्या खाटेवरची नवसाबाई त्यातच गेली. आता भागीबाईच्या पाठीवरही हिरवं दिसत होतं. स्टोचा भडका उडून ती भाजली होती. नवरा येवल्याला मागावर पैठणी विणायचा आणि मिळेल त्या एसटीनं तिला बघायला यायचा.

डॉक्टर कर्डिल्यांनी पू तर तपासायला दिलाच, पण नळ, बेसिन, बरण्या, सगळ्यांचे हातही पुसून नमुने पाठवले. दुपारच्या चहाला ते समजावून सांगत होते. औषधाला दाद न देण्याची युक्ती एखाद्या जंतूपाशी असते. तो शेजारच्या जंतूला चिकटतो आणि त्या युक्तीची नक्कल त्याला देऊन टाकतो. शेजारी दुसऱ्या कुळीचा असला तरी. पोटातला साधा जंतू जखमेतल्या जंतूला शहाणा करून जातो.

"पण पहिल्याला कुणी शिकवली?" जहिदानं विचारलं.

"मातीतल्या जंतूंकडे ती मुळातच असावी. ही औषधं आपण त्यांच्यापासूनच तर काढली. आपल्याच विषानं आपण मरू नये, एवढी सोय त्यांना करावीच लागते."

"आणि फुकट देतात?" लंकाबाई.

"फुकट. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, मावशी."

"येडे आहेत मेले," लंकाबाई म्हणाली. सगळे हसले, जहिदाही हसली. तिच्या हातावरच सापडू देत ते जंतू, असं लंकाबाईनं मनातल्या मनात देवाला साकडं घातलं.

ते सापडले बरणीत. लंकाबाईच्या.

"औषधाच्या पाण्यात जंतू?"

"तेही पचवायला शिकलेत. तुम्ही नुसती भर घालत राहिलात, बरणी रिकामी कधी केलीच नाहीत." डॉक्टर हळूच म्हणाले, "हात स्वच्छ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत कुणाला शिवू नका."

लंकाबाईनं नवसाबाईच्या खाटेकडे पाहिलं. तिथं नवी चादर घातली होती. जहिदा छद्मी हसली असती तर बरं झालं असतं, निदान तिच्याशी भांडता आलं असतं. पण जहिदा मान खाली घालून उभी होती.

इंजेक्शन बंद करून डॉक्टरांनी व्हिनेगरच्या पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या. जहिदा पहिली पट्टी बदलत असताना पडद्याआडून भागीबाईची किंकाळी आली. बाहेर उभ्या लंकाबाईला आधी बरं वाटलं, अगदी थंडगार वाटलं. कळू दे म्हणावं आता, गोड बोलून पट्टी निघते का ते!

दुसरी किंकाळी आली, आणि मागोमाग जहिदाचं रडवेलं "झालं हां, झालं." लंकाबाईचे हात आपोआप पुढे गेले. तिनं ते मागे घेतले, पदरात गुंडाळले.

"वर ओढू नको," ती पडद्याबाहेरून ओरडली. "पट्टी पट्टीवरच उलटी दुमड. दुसरा तळवा कातडीला टेकव. आणि तिला पोरांची नावं विचार. नाव सांगताना श्वास सुटतो, तेव्हा घे."

मग आतून जहिदाचा आवाज, "थोरल्याचं नाव काय?"

"जयराम."

"आणि धाकटीचं?"

"सोनी."

पट्टी ट्रेमध्ये पडल्याचा ओला आवाज आला. किंकाळी आली नाही.

"सिस्टर," भागीबाई म्हणाली, "तुमचा हात लय हलका हाय."

हे वाक्य लंकाबाईनं आजवर आपल्याबद्दलच ऐकलं होतं. देणाऱ्याचं काही कमी होत नाही म्हणे. जंतूंचं होत नसेल.

"मावशी," आतून जहिदानं हाक मारली, "काखेतली फार चिकटलीय. ती कशी काढू?"

पदरातले हात तसेच धरून लंकाबाई पडद्याच्या अगदी जवळ सरकली.

"आधी भिजू दे," ती म्हणाली. "मी सांगते."