पिस्टनची शस्त्रपूजा

राज्य गेलं, संस्थान मध्यभारतात विलीन झालं, दरबार मोडला, पागेतले घोडे कुठल्या कुठे पांगले. पण उदयसिंह जगदाळे आपल्या घरात अजून कॅप्टनच होते. सकाळी मिशांना पीळ देऊन ते अंगणात यायचे आणि हाताखाली उरलेल्या एकमेव फौजेची पाहणी करायचे. ही फौज म्हणजे दरबारातून बक्षीस मिळालेली दोन सीटची हिरवी विलायती मोटर. नवऱ्याच्या या कवायतीचं प्रेमलताला पूर्वी हसू यायचं, आता तेही येत नसे. ज्या माणसाला सलाम करायला कुणी उरलं नाही, त्यानं मोटारीकडूनच सलाम घ्यावा, यात हसण्यासारखं काय होतं?

एक गोष्ट मात्र ती मान्य करायची. हा माणूस मोटर चालवायला बसला की माणसात यायचा. घाटात त्याचा हात धरणारा अख्ख्या माळव्यात नव्हता. आणि म्हणूनच मुंबईचे नवरोजजी येणार होते. रेसच्या मोटारी बाळगणारे हे पारशी गृहस्थ आपल्या गॅरेजसाठी मुख्य माणूस शोधत होते. कोजागरीच्या आदल्या सकाळी मानपूरच्या घाटात कॅप्टनसाहेबांचं चालवणं ते बघणार, आणि पसंत पडलं तर जगदाळे मंडळी मुंबईला. प्रेमलतानं मनातल्या मनात सामान बांधूनसुद्धा ठेवलं होतं. तिथं तिला कुणी कॅप्टनीणबाई म्हणणार नव्हतं, सासूच्या उजव्या बाजूला बसायचं की डाव्या यावरून महाभारत होणार नव्हतं. नवरा कामावर जाईल आणि हात काळे करून घरी येईल. तिला तेवढंच हवं होतं.

अडचण इंजिनाची होती. उन्हाळ्यात त्याच घाटात पिस्टन भाजून निघाले होते. नवे पिस्टन आले आणि त्यांच्यामागोमाग अच्युत गोरे आले. हे कॅप्टनसाहेबांचे शाळासोबती बनारसहून इंजिनिअर होऊन आले होते आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत.

"वहिनीसाहेब, लोगों को लगता है की पाणी इंजिन थंड करतं," ते तिला शिकवायचे. तिनं विचारलेलं नसायचं. "अहो, पाणी सिलिंडरच्या भिंतीबाहेर फिरतं. पिस्टन बिचारा आत, आगीच्या तोंडाशी. त्याच्या पोटावर खालून तेल मारलं पाहिजे. तेल घासणंही वाचवतं आणि गरमीही काढून नेतं."

त्यासाठी त्यांनी पोलोग्राउंडच्या कारखानदारी वस्तीतल्या एका वर्कशॉपातून पिस्टनच्या दांड्यांना आतून लांब भोकं पाडून आणली. प्रत्येक भोकाचं खालचं तोंड मोठं, वरचं अगदी बारीक. खालून दाबानं आलेलं तेल त्या बारीक तोंडातून पिचकारीसारखं पिस्टनच्या पोटावर उडणार. अक्कल चांगलीच होती, प्रेमलतानं कबूल केलं. गोऱ्यांनी दांडे रॉकेलनं धुतले, पंपानं हवा मारून आतून साफ केले आणि शुभ्र फडक्यावर मांडून ठेवले.

नेमकी तेव्हाच खंडेनवमी आली.

जगदाळ्यांच्या घरात तलवारी होत्या, एक न उडणारी बंदूक होती आणि आईसाहेब होत्या. सून पाणी देताना कुठला हात पुढे करते हेसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांचा हुकूम सुटला की मोटर हेच आता मुलाचं शस्त्र, आणि शस्त्र उघडं आहे हा तर योगच. झालं! चौरंगावर तलवारींच्या शेजारी पिस्टन बसले, दांडे आडवे झाले. गंध लागलं, फुलं पडली, आणि आईसाहेबांनी ओंजळ भरभरून अक्षता टाकल्या. कुंकवात भिजवलेले ते तांदळाचे कण चौरंगभर विखुरले. कॅप्टनसाहेब हात जोडून उभे होते. लढाईला निघालेल्या माणसाचा चेहरा त्यांनी चढवला होता.

पूजेनंतर इंजिन जोडायचं, दसऱ्याला त्याच मोटारीनं सीमोल्लंघन करायचं, मग चार दिवस हळूहळू चालवून नवे पिस्टन बसू द्यायचे, असा बेत होता.

"पुन्हा धुवून घेतो," गोरे म्हणाले.

"धुवायचं?" आईसाहेब दचकल्या. "पूजेचं शस्त्र सीमोल्लंघन होईतो धुवत नाहीत आमच्यात."

"आईसाहेब, ये मशीन है! आत कचरा गेला तर—"

"देवीच्या अक्षता म्हणजे कचरा?"

गोरे तावातावानं बोलू लागले. विज्ञान, बनारस, विसावं शतक, सगळं काढलं त्यांनी. प्रेमलताला वाटलं, चला, या घरात एक तरी शहाणा आला. तेवढ्यात आईसाहेबांनी आतून जरीचा फेटा मागवला आणि कॅप्टनसाहेबांनी तो आपल्या हातानं गोऱ्यांच्या डोक्यावर चढवला. खुद्द दरबारात मान मिळालेला फेटा होता तो. गोऱ्यांचे वाडवडील दरबारच्या कचेरीत कारकुनी करून म्हातारे झाले, त्यांच्या नशिबी हा फेटा कधी आला नव्हता. गोऱ्यांनी आरशात पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"वैसे देखा जाय तो," ते म्हणाले, "वरून कपड्यानं पुसलं तरी चालतं."

विसावं शतक दोन हात कापडात गुंडाळून मोकळं झालं.

"अहो, भोकांत एकदा फुंकून तरी बघा," प्रेमलता म्हणाली.

"देवीच्या अक्षतांवर फुंकर मारायची?" कॅप्टनसाहेबांनी डोळे वटारले. "आपण आत जा. हे मर्दांचं काम आहे जी."

ती आत गेली. इंजिन जोडलं गेलं.

सीमोल्लंघन थाटात झालं. कॅप्टनसाहेब गावाबाहेर जाऊन आपट्याची पानं घेऊन आले. पुढचे दिवस मोटर गोगलगाईच्या चालीनं चालत होती, तेव्हा पिस्टनही गुण्यागोविंदानं नांदले. गोरे फेटा घालूनच हिंडायचे. रात्री सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांवर जातानासुद्धा त्यांनी तो उतरवला नाही म्हणे.

ठरलेल्या सकाळी नवरोजजी घाटाच्या माथ्यावर उभे राहिले. कॅप्टनसाहेबांनी खालून मोटर सोडली. काय चालवली त्यांनी! वळणावळणाला मोटर रस्त्याला चिकटून येत होती, आणि माथ्यावर उभ्या प्रेमलताचा ऊर इतक्या वर्षांत पहिल्यांदा भरून आला. शेवटच्या चढावर त्यांनी पूर्ण जोर दिला. तेलाच्या दाबाचा काटा जागच्या जागी होता, पाणी थंड होतं, आणि आत एक पिस्टन तेलावाचून तापत तापत सिलिंडरलाच धरून बसला. मोटर किंचाळली आणि माथ्याच्या अलीकडेच थांबली.

दुसऱ्या दिवशी अंगणात इंजिन उघडलं. नवरोजजी मुद्दाम थांबले होते. ते हात धुवायला नळाकडे गेले तेवढ्यात गोऱ्यांनी त्या पिस्टनच्या दांड्यात तार घातली आणि बारीक तोंडाशी अडकलेला लाल तांदळाचा कण बाहेर आला. गोऱ्यांचा हात नकळत फेट्याकडे गेला. कॅप्टनसाहेबांनी तो कण उचलून कपाळाला लावला आणि मुठीत मिटला. प्रेमलता दारात उभी राहून सगळं पाहत होती.

नवरोजजी रुमालाला हात पुसत आले. "कॅप्टन, इंजिन तर माझंबी तुटते. तुमचा हात मी बघितला, मला पसंत हाय. फक्त एवढं सांगा, काय चुकलं? माझ्या गॅरेजमधी मला चूक सांगणारा माणूस पायजे."

म्हणजे दार उघडंच होतं! एक वाक्य बोललं की मुंबई. प्रेमलतानं नवऱ्याकडे पाहिलं.

"विलायती माल," कॅप्टनसाहेब मूठ न उघडता म्हणाले. "कास्टिंगच कच्चं. हमारी तरफ से काहीच चुकलं नाही."

"मेटलर्जीचा प्रश्न आहे," गोरे आभाळाकडे बघत म्हणाले.

नवरोजजींनी रुमालाची घडी करून खिशात घातली. मग ते दाराकडे वळले. "बाईसाहेब, तुमी तर सगळा वेळ हितंच होता. तुमी सांगा."

सगळे तिच्याकडे बघू लागले. इतकी वर्षं जिभेवर तिखट घेऊन बसलेली प्रेमलता. या घराच्या खोट्या मानपानाला तिनं मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या. आता फक्त तोंड उघडायचं होतं. मुठीकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण समोर परका पुरुष होता आणि बाजूला नवरा मान खाली घालून उभा होता. तिचा हात आपोआप वर गेला आणि पदर कपाळावर आला.

"आमच्यात चूक होत नाही साहेब," ती म्हणाली. "चहा घेणार ना आपण?"

नवरोजजींनी चहा घेतला, चहाची तारीफ केली, सगळ्यांना नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीनं ते मुंबईला एकटेच निघून गेले.

फाटक लागल्यावर आईसाहेबांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. "शोभलीस हो जगदाळ्यांची," त्या म्हणाल्या. प्रेमलताला स्वतःचीच इतकी शिसारी आली की तिनं कपबशा उचलल्या आणि कुणाकडे न बघता ती आत गेली.