ताजा बांध

कांताच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावरचं औषध परळच्या एकाही इस्पितळात मिळण्यासारखं नव्हतं. तिची वैशाली त्या अनुजाचा हात धरून पुढे चालली होती.

तिचीच वैशाली. डिलाईल रोडच्या चाळीत बावीस वर्षं भिंतीला भिंत लागून. पहाटे चालायला दोघी बरोबर, बाजाराला बरोबर, एकीकडे बांगड्याचं कालवण झालं की वाटी दुसरीकडे जाणारच. आणि ही अनुजा दिवाळीनंतर समोरच्या टॉवरमध्ये भाड्याने आली काय, वैशालीला मोबाइलवर पावलं मोजायला शिकवते काय, उठता बसता वैशालीताई वैशालीताई करते काय. आजची ही कर्जतकडची सहलही तिचीच टूम. कालव्याच्या कडेने जायचं, शेतांतून परत यायचं. "कांता, तू पण ये ना," वैशाली म्हणाली होती. तू पण. म्हणजे कांता आता पानातलं लोणचं झाली.

फेब्रुवारी असूनही वाटेवर ही राड. उन्हाळी भातासाठी कालव्याला पाणी सोडलं होतं. अनुजाचे पांढरे बूट दोनदा रुतले आणि दोन्ही वेळा वैशालीनेच वाकून ओढून काढले. कांताने चपला केव्हाच हातात घेतल्या होत्या. अंगठे रोवून ती सरळ चालत होती, पण तिच्याकडे बघायला वेळ कोणाला होता?

शेतं लागली तिथे दोन बांध होते. डावीकडचा जुना, गवत माजलेला. उजवीकडचा गुळगुळीत, चिखलाने नुकताच लिंपलेला. कांताने लांबूनच ओळखलं. लग्नाआधी मालवणजवळच्या गावात बापाबरोबर तिने दर वर्षी असे बांध घातले होते. ताज्या बांधावर पाय पडला की तो खचतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"इकडून जाऊ या ताई, इकडे गवत नाही," म्हणत अनुजा उजवीकडे वळली.

कांताने तोंड उघडलं आणि मिटलं. पडू दे मेलीला. कोणाबरोबर चालावं ते वैशालीलाही एकदा कळू दे.

तिसऱ्याच पावलाला बांध खचला. अनुजा पोटरीपर्यंत आत गेली आणि तिच्या बाजूने खाचरातलं पाणी भडाभडा ओढ्याकडे धावलं. लावणी चार दिवसांची असेल. कोवळी रोपं उपटून वाहायला लागली. लांबून एक म्हातारा शेतकरी फावडं घेऊन ओरडत निघाला.

कांता साडी खोचून कधी खाचरात उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. गवतासकट मातीची ढेकळं उपटून तिने भगदाडात कोंबली, वर चिखल टाकून टाचेने दाबला, मग तळहाताने लिंपून काढला. म्हातारा पोचेपर्यंत पाणी थांबलं होतं.

त्याने बांध बघितला आणि त्याचा राग निवला. "हात शेतातले दिसतात, ताई," तो म्हणाला. मग अनुजाच्या बुटांकडे बघून त्याने साधंच विचारलं, "मंग हिनं पाय ठेवला तवा तुम्ही बोलला का न्हाय?"

कांता वाकून लिंपलेलाच बांध पुन्हा लिंपायला लागली.

"त्या मागे होत्या हो काका," अनुजाच मध्ये पडली. "त्यांना कुठून दिसणार? चूक माझीच." आणि आपल्या बाटलीतल्या पाण्याने ती कांताचे हात धुवायला लागली.

वैशालीने आधी बांधाकडे बघितलं, मग कांताकडे. कांताच्या गावच्या लावणीच्या गोष्टी तिने बावीस वर्षं ऐकल्या होत्या. नव्या बांधावरून पळाली म्हणून बापाने कांताला कशी झोडपली होती, तेही.

परतताना वैशाली मागे थांबली. कांता आली तशी तिच्या बरोबरीने चालायला लागली. सकाळपासून कांताला एवढंच हवं होतं.

"तुला दिसलं होतं ना?" वैशालीने विचारलं.

"दिसलेलं," कांता म्हणाली.

वैशालीने मान डोलावली. "तिला सांगू नकोस हां. तिला तू फार आवडतेस." आणि अनुजाला गाठायला ती भराभर पुढे निघून गेली.