खालच्या अंगाचा शाळू

बावन्न साली पावसानं चिखली गावाकडं भादव्यातच पाठ फिरवली. हस्तही कोरडा गेला. आता शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पिकायची ती जमिनीच्या पोटात उरलेल्या ओलीवरच, आणि ती ओल राखायची कशी यावरून ज्योतीराम आणि शालनबाई या नवराबायकोचं बिनसलं.

ज्योतीरामला लोखंडी नांगराचं भारी वेड. जितकं खोल तितकं पीक, असं कुणीतरी चाकणच्या बाजारात त्याच्या डोक्यात भरवलं होतं. झालं, हा गडी भोसरीहून नांगर मागून घेऊन आला आणि पाऊस सरल्यावर, भर उन्हात, रानाच्या वरच्या अंगाला घातला. खालची ओली माती वर आली, ढेकळं उघडी पडली आणि बघता बघता वाळून खडंग झाली. खालच्या अंगाला वळायच्या आत नांगर परत द्यायची वेळ आली, म्हणून तिथं नुसती वरवर कुळवाची पाळी दिली.

शालनबाईचं माहेर जुन्नरकडचं, बागायती. आल्याच्या वाफ्यांवर पाचट पसरून ओल धरतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. शाळू वीतभर झाल्यावर तिनं बाजरीचं सरमाड, म्हणजे वाळली ताटं, तोडून तोडून खालच्या अंगाला ओळींमधून अंथरलं. घरात होतं नव्हतं तेवढं सगळं संपवलं. आणि ते सरमाड तर हौशाचं होतं.

हौशा म्हणजे त्यांचा एकुलता एक बैल. शेजारच्या दौलतरावाकडंही एकच बैल, म्हणून दोन्ही घरांनी सावड केलेली. दोघांचे दोन एका जुवाखाली जुंपायचे आणि दोघांची रानं आळीपाळीनं उरकायची. एक बैल बसला तर दोन चुली थंड पडणार, हे न कळण्याइतकी शालनबाई भोळी नव्हती.

“बैलानं काय दगूड खायाचा?” ज्योतीरामनं विचारलं.

गवत मी आणीन, असं ती म्हणाली. आणलंही बिचारीनं. इंद्रायणीच्या काठानं, लोकांच्या बांधांवरून, बोटं सोलून निघेस्तोवर ती खुरपत राहिली. पण असल्या सालात गवत तरी कुठून यायचं? हौशाच्या फासळ्या वर आल्या. रात्रभर तो रिकामी गव्हाण चाटायचा आणि ती आवाज ऐकत जागी राहायची.

मार्गशीर्षात मात्र रानानं तिची बाजू घेतली. खालचा शाळू छातीला लागला, काळाभोर आणि टवटवीत. सरमाडाखाली हात घातला की माती गार लागायची. वरच्या अंगाला गुडघ्याएवढी धाटं, पानं सुरळी होऊन मिटलेली. वाटेनं जाणारे खालचं रान बघायचे आणि मग ज्योतीरामकडं बघायचे. तो दिवसेंदिवस घुमा होत गेला. एकदाच म्हणाला, “वरच्या अंगाला बैल न्यायचा न्हाई,” आणि उठून गेला. शालनबाईला वाटलं, लाज लपवतोय. कुणालाही तेच वाटलं असतं. बायकोपुढं हरलेला पुरुष कारण सांगत बसत नाही, असा तिचा हिशेब.

मग एक दिवस ज्योतीराम पिंपरीला गेला. तिकडं कारखान्याच्या बांधकामावर माणसं घेत होते. शालनबाईनं विचार केला, पीक आता दाटलंय, सरमाडाचं काम झाल्यात जमा आहे, ते जनावराला रानातच पोटभर खाऊ द्यावं. तिनं हौशाचा कासरा सोडला. किती दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं.

वाट वरच्या अंगातूनच जात होती. हौशानं वाळक्या शाळूला तोंड घातलं. तिनं एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं, मग तिचाच हात सैल पडला. नाहीतरी ह्या तुकड्यात काय पिकणार होतं, खाऊ दे. खोटं कशाला सांगा, नवऱ्याचं रान बैलाच्या पोटात जाताना तिला थोडं बरंही वाटलं.

हौशा खालच्या रानापर्यंत पोचलाच नाही. त्याचे पाय लटपटले, तोंडाला फेस आला आणि तो अंगाखाली धाटं मोडत आडवा झाला. पलीकडून दौलतराव धावत आला. त्यानं बैलाचं तोंड उघडून आतलं पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“वयनी, वाळला शाळू चारलासा? ह्याला किराळ लागली. पाण्याविना करपल्या कवळ्या धाटात ईखच असतंय.”

तिनं हा शब्दच आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिच्या माहेरी पाणी होतं. तिथला शाळू असा कधी करपलाच नव्हता. दौलतरावानं घरून गूळपाणी आणून घशात ओतलं, ते तसंच बाहेर आलं. सावलीनं जागा बदलायच्या आत बैल थंड झाला.

ज्योतीराम तिन्हीसांजेला आला आणि हौशाच्या डोक्याशी बसला. शालनबाई मार खायची तयारी करून उभी होती. त्यानं हात उचलला असता तर तिला सोसलं असतं.

“मी सांगाया हवं व्हतं,” तो म्हणाला. “हितल्या लेकराला बी ठावं असतंय. म्हून बोललो न्हाई.”

पुढं खालच्या अंगाला शाळू असा पिकला, की त्या सालात चिखलीत तसं कणीस कुणी पाहिलं नाही. कडब्याची गंज दारात लागली. गोठा रिकामा होता, म्हणून कडबा सगळा दौलतरावाच्या बैलाला गेला, आणि दौलतरावानंही चैत्रात बैल विकला. एकट्या बैलाला कोण जुंपणार? ज्योतीराम पिंपरीत विटा वाहू लागला. दोन्ही घरांची रानं पुढच्या साली नांगराविना पडली.

त्या सुगीत मात्र लोक शालनबाईकडं यायचे. एवढ्या दुष्काळात रान तरारलं कसं, जमिनीत घातलं तरी काय, असं विचारायचे. कौतुकानंच विचारायचे. ती कणसं मोडत खाली मान घालून बसलेली असायची.

“बैलाच्या तोंडचं काढून घातलं,” ती सांगायची.