मी जाळलेला शर्ट

“आज शर्ट जाळलाय, उद्या दुकान जाळेल! आत्ताच्या आत्ता बाहेर काढ हिला, ताई!”

हा आमच्या लाँड्रीच्या मालकिणीचा धाकटा भाऊ. आणि ज्या शर्टावरून त्यानं दुकान डोक्यावर घेतलं होतं, तो जाळणारी मी. मी कोळशाची इस्त्री बोलतेय. तापट म्हणता? म्हणा. थंड इस्त्री कुणाच्या कामाची?

मालकीण एवढंच म्हणाली, “वकीलसाहेब शर्ट न्यायला येतील. ते येऊ देत, मग बघू.”

माझा जन्म ओतशाळेतला. मालकिणीच्या सासूनं मला घेतलं, तिनं सुनेचा हात माझ्यावर बसवला. चाळीस वर्षं मी कॉलरी ताठ केल्या. मग दुकानावरच्या खिडकीच्या खोलीत राहणाऱ्या या भावानं विजेची इस्त्री आणली आणि मला दार अडवायला ठेवलं. येता-जाता सगळे पाय लावायचे. गरज सरो, वैद्य मरो!

भाऊ जिला हाकलायला बघत होता, ती पोर दोन महिन्यांपूर्वी आली. सतरा वर्षांची, पोट पुढं आलेलं, हातात एक पिशवी. बापानं घराबाहेर काढलं होतं. बसस्टँडच्या बाकावर झोपायची. मालकिणीनं विचारलं, “काय येतं तुला?”

“शिकवा, मग सांगते.”

मालकीण हसली नाही. दाराशी वाकली आणि मला उचलून तिच्या हातात दिलं. पोर मागच्या खोलीत, कपड्यांच्या गाठोड्यांशेजारी झोपू लागली. पिशवीतलं फडकंसुद्धा तिनं बाहेर काढून ठेवलं नाही. कधी हाकलतील, नेम काय?

आणि शर्ट जळाला त्या दुपारी पोटातल्यानं लाथ मारली. तिचा हात क्षणभर थांबला. मला तेवढं पुरतं. खिशाखाली बशीएवढा तांबूस डाग!

सासूच्या काळापासून इथं एक नेम आहे: ज्यानं जाळलं, त्यानंच गिऱ्हाइकापुढं कपडा उलगडायचा आणि तोंडानं सांगायचं. भावानं मात्र डाग आत जाईल अशी घडी घातली, कागदात पुडकं बांधलं, दोरी आवळली.

“त्यांना घरी गेल्यावर कळेल. तोवर ही गेलेली असेल. हिचंच नाव सांगू.”

आणि पोरीची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली.

मालकीण पोरीकडे बघत राहिली.

तेवढ्यात वकीलसाहेब आलेच. पोर दारात उभी. पिशवी उचलून चालू लागली असती, तर कुणी अडवलं नसतं. जाणार कुठं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. माझ्या पोटातले निखारे तडतडत होते. भावानं पुडकं पुढं केलं.

पोर आत आली. पुडकं ओढून घेतलं, दोरी सोडली, शर्ट टेबलावर पसरला.

“हा मी जाळला, साहेब. माझ्या हातून झालं.”

मान वर होती.

वकिलांनी डाग पाहिला. मग भावाकडे पाहिलं. “पुडकं कुणी बांधलं होतं?” उत्तराची वाटही न बघता, शर्ट तिथंच टाकून ते निघून गेले.

वाचणाऱ्यांनो, मला खुशाल दोष द्या. जाळणं माझ्या अंगातच आहे. घडीत लपवणं मात्र आम्हा इस्त्र्यांना कधी जमलं नाही.

भाऊ लालबुंद झाला. “परक्यासमोर माझी अब्रू घालवली हिनं! ताई, शेवटचं विचारतो. ही इथं राहणार असेल, तर मी वरची खोली सोडून चालता होईन!”

पोर पिशवी घ्यायला वळली. मालकिणीनं तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं जळका शर्ट उचलला, खांद्यावर टाकला आणि भावाला म्हणाली,

“मग आजच सोड, बाळंतिणीला खिडकीची खोली लागते.”