महाराजांची पाप खाणारी कुंडी

शपथ घेऊन सांगते, भर बाजारात उभी राहून सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं! खोटं निघालं तर जन्मभर मला सोलकढी वाढू नका.

मसुऱ्यातल्या त्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. घटेश्वर महाराज कुंडी उंच धरून गरजत होते, "ही पापभक्षी वनस्पती! पानाच्या टोकाला घडा, घड्याला झाकण! माशी आत गेली की संपली! पण पापी हाताचं पाणी मिळालं, की घडे करपतात!"

महिन्यापूर्वी त्यांनी घरोघर अशा कुंड्या दिल्या होत्या. आज निकाल. जवळजवळ सगळ्यांच्या करपलेल्या. महाराजांची तेवढी हिरवीगार, कारण तिला म्हणे गंगोत्रीचं तीर्थ!

अक्षयाची कुंडी बघून तिची होणारी सासू सत्यवती उसळली, "असला पापी चेडू माझ्या देवेशाक नको! साखरपुडो मोडलो!"

अक्षया रडायलाच लागली. "काय चुकला माझा? रोज बावीचा पाणी घातलंय, खत घातलंय, घड्यांत दूदसुद्धा ओतलंय!"

शेजारच्या रोझालिना टीचरना हसू आवरेना. कुंडी आली त्याच दिवशी त्यांनी मोबाईलवर या झाडाची, म्हणजे घटपर्णीची, सगळी माहिती वाचून काढली होती. छत्रीआडून त्यांनी आपली कुंडी काढली. घडे कसे टपोरे, गुबगुबीत!

"महाराज, माझी पापां ऐका. कालच मासळीवालीक खोटा सांगलंय. उपासाच्या शुक्रवारी मटणाचो तोप रिकामो केलंय. शेजाऱ्याचे आंबे तर दर वर्षी चोरतंय. ह्या घड्यांका साधी ओकारी पण नाय!"

मांडव खदखदला. महाराज घाम पुसत म्हणाले, "ही पूर्वजन्मीची पुण्याई, माई."

"आमच्यात पूर्वजन्म नसता, महाराज!"

टीचरनी बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, पाण्याचा तांब्या पुढे केला. "तुमी पुण्यवान. आता महिनाभर तुमच्या कुंडीक ह्याच घाला."

महाराजांनी कुंडी छातीशी धरली. "नको, नको! मचूळ पाण्यानं मरेल ती!"

टीचर मांडवाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलात? पापान नाय, पाण्यान! खाडीकाठच्या बावीतला मीठ आणि खत हिची मुळां जाळता. दूद घड्यांत कुजता. मी पावसाचा पाणी घालतंय, ता संपला की एसीच्या नळीचा. आणि महाराजांची गंगोत्री मी मालवणात बघितलंय, लॉजच्या एसीखाली कळशी लावलेली!"

महाराज कुंडी काखोटीला मारून पळाले. मागे एक कोंबडा लागला.

सत्यवती अक्षयाजवळ सरकली. "बाये, रविवारी परत साखरपुडो करूया मा?"

"करूया. पण तुमची करपलेली कुंडी खंय लपवलात ती आधी दाखवा!"

तर मंडळी, झाड करपलं तर आधी पाणी तपासा, माणूस नंतर. घटपर्णीला पावसाचं पाणी, ओलसर माती आणि भरपूर उजेड द्या. खत नको, दूध नको. माशा ती आपल्या आपण धरते. आणि कुणी झाडाकडून तुमच्या लेकीसुनांचं पाप मोजायला आला, तर त्याच्या हातात तांब्या द्या.

बरं, एक कबूल करते. कोंबडा मी पदरचा घातला. महाराज तसे आपणहूनच सुटले होते.