गुंतकलला वीस मिनिटं

माझा नवरा अंडं फोडताना हातमोजे घालतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

गॅलरीत इंडक्शनची शेगडी, तिच्यावर नवाकोरा तवा, शेजारी तीन अंडी आणि श्रीवत्स. मान मागे, श्वास रोखलेला, हात लांब. अंडं फुटलं की तो "येस्स!" म्हणतो आणि कुणी टाळ्या वाजवतंय का ते बघतो. वाजवायला मीच असते. हुबळीच्या नवनगरातल्या आमच्या घराची ही मागची गॅलरी. अंड्याला परवानगी इथपर्यंतच. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी हद्द आखून दिली होती. त्यांचं नाव इंदुमती, आणि आमच्या धारवाडकडे सासूला अत्या म्हणतात. "गॅलरीतलं गॅलरीत," अत्या म्हणाल्या होत्या. "माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलात तर बघा."

त्या रविवारी सकाळी गॅलरीत स्वीडन होतं. मागच्या रविवारी पोर्तुगाल होऊन गेलं, ते खाली चिकटलं. त्याच्या आधीच्या रविवारी बेल्जियम, त्याचा वास चार दिवस गेला नाही. ही सगळी आमच्या हनिमूनची रंगीत तालीम बरं का! आमचा हनिमून साधासुधा नव्हे, खायचा हनिमून. डोंगर, समुद्र, हातात हात हे सगळेच करतात, आपण जगाची चव घ्यायची, असं श्रीवत्सनं साखरपुड्यातच जाहीर केलं होतं. मी भाळले, खोटं कशाला बोलू? मी देशपांडे नगरातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. सात वर्षं आठवीच्या पोरांना फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढून दाखवतेय आणि स्वतः पुण्यापलीकडे गेलेली नाही. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे ऐकल्यावर माझं काय झालं असेल!

त्यानं एक तक्ता केलाय. सोळा दिवस, त्रेचाळीस ठिकाणं, प्रत्येक ठिकाणाला रंग. "सकाळी आठ, दालचिनीचा बन. साडेदहा, कॉफी आणि दुसरा बन." एका ओळीत लिहिलंय, "खारवलेला हेरिंग मासा, चव उत्तरा सांगेल." उत्तरा म्हणजे मी. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. मला कुणी विचारलं? छे! तक्त्यात रकाना रिकामा राहायला नको ना.

आता दुसरी बाजू ऐका. लग्नानंतर आम्ही एकदाच बाहेर गेलो, गोकर्णाला, दोन रात्रींसाठी म्हणून. ह्या जगाची चव घेणाऱ्या माणसानं बॅगेत मेतकूट, शेंगाचटणी, तुपाची बाटली आणि अत्यांच्या हातच्या साराचा मसाला भरला होता. हॉटेलात जाऊन पहिलं काय विचारलं, तर मऊ भात मिळेल का. मिळाला, पण तो घरच्यासारखा मऊ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी "पोटात कसंतरी होतंय" म्हणून आम्ही परत. संध्याकाळी घरी सारभात जेवला, आणि पोट ठणठणीत!

तरी मी म्हटलं, नवीन आहे, होईल सवय. मे महिन्यात जायचं ठरलं तर अधिक महिना लागला, अधिकात कसं जायचं? व्हिसासाठी बेंगळूरला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्याची तारीख घेतली तर श्रावण आला. दुसरी घेतली तर गणपती आले. आता मंगळवारची तिसरी तारीख होती. ती साधली तरच दसऱ्याच्या सुट्टीत जाणं शक्य होतं. नाहीतर सुट्टी गेली, आणि पुढच्या मेपर्यंत मी गॅलरीत टाळ्या वाजवत बसणार. माझ्या डोक्यात महिनाभर दुसरं काही नव्हतं. वर्गात हजेरी घेतानासुद्धा मी मंगळवार मोजत होते.

"सहा डेसिलीटर दूध," श्रीवत्स म्हणाला. डेसिलीटर मोजायला त्यानं खास माप मागवलंय. घरात सतरा वाट्या असताना!

"आणि तीन डेसिलीटर मैदा. नीट ऐक उत्तरा, स्वीडिश पॅनकेक जाड नसतो. पातळ, कडेला जाळीदार. त्याच्यावर लिंगनबेरीचा मुरंबा."

लिंगनबेरी नवनगरात कुठली मिळणार? अळणावरच्या मथुरामावशीनं उन्हाळ्यात करवंदांचा मुरंबा दिला होता, तो मी काढून ठेवला. त्यानं बरणीचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "जमवून घेऊ," म्हणाला.

पहिलं पीठ तव्यावर पडलं. आतून, स्वयंपाकघरातून, भिंतीपलीकडून अत्या ओरडल्या, "आवाज आला नाही! तवा थंड आहे!"

"अव्वा, हे धिरडं नव्हे," श्रीवत्स आईला ओरडून म्हणाला.

"तवा तर तवाच आहे ना?"

पॅनकेक फाटला. त्यानं तव्याला दोष दिला, मग इंडक्शनला, मग नवनगरच्या व्होल्टेजला. दुसऱ्याला त्यानं गुपचूप आच वाढवली. चुर्र झालं, आणि पॅनकेक अगदी सुरेख उतरला. आतून अत्यांचं एक खाकरणं ऐकू आलं, बाकी काही नाही. मग एकामागून एक तसेच उतरत गेले, ताटलीत चळत झाली. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली.

"आता व्हिडिओ काढ," असं म्हणून त्यानं त्याचा फोन माझ्या हातात दिला. "मी उलटतो, तू फक्त हात दाखव. हातमोजे नको दाखवू."

मी फोन धरला. श्रीवत्स कॅमेऱ्याला सांगत होता की स्टॉकहोममध्ये आम्ही हे कुठल्या गल्लीत बसून खाणार आहोत. आणि पडद्यावर वरून एक पट्टी खाली आली. मी वाचली. आपल्या विनंतीनुसार मंगळवारची आपली दोघांची वेळ रद्द करण्यात आली आहे.

आपल्या विनंतीनुसार.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अत्या ऐकत असताना मी नवऱ्याला अहोजाहो करते. रागावले की विसरते.

"श्रीवत्स, तू मंगळवार रद्द केलास?"

उलथनं हवेतच राहिलं. "मी सांगणारच होतो. पुढच्या आठवड्यात पितृपक्ष लागतोय, आणि ऑफिसात—"

"पक्षात बोटं उमटत नाहीत का?"

"तसं नव्हे गं..."

"मग कसं? हा महिना नको, तो महिना नको. मुहूर्तावर हनिमूनला जाणारा तू पहिलाच! आणि वर मला व्हिडिओ काढायला लावतोस? कुठली गल्ली, कुठली खुर्ची, सगळं सांगतोस? लाज नाही वाटत?"

पॅनकेक करपायला लागला. त्यानं तो उतरवला, हातमोजे काढले आणि खाली मान घालून बोलला. मला वाटतं, आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच खरं बोलला.

"सोळा दिवस, उत्तरा. सोळा दिवस भात नाही. मी कधी तीन दिवस घराबाहेर राहिलो नाही. कॉलेज इथंच, नोकरी घरातून. मला तिथं गेल्यासारखं करायला फार आवडतं. पण तिथं जायचं म्हटलं की रात्री झोप लागत नाही. आपण इथंच करू ना सगळे देश! मी दर रविवारी करतो. तू म्हणशील तो देश."

मला रडायला यायला लागलं आणि त्याचा आणखी राग आला. मी पॅनकेकची ताटली उचलली, करवंदाचा मुरंबा उचलला आणि जेवायच्या टेबलावर जाऊन बसले. टेबल स्वयंपाकघरात मोडत नाही, पण अंडं तिथपर्यंत आजवर आलं नव्हतं. मी एक पॅनकेक गुंडाळला आणि खाल्ला. चांगला झाला होता, मेला! दुसरा घेतला. डोळ्यातलं पाणी त्याच्यावर पडत होतं आणि मी खात होते.

अत्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. आता माझ्यावर काय येतंय, म्हणून मी बघत राहिले. त्यांनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झोपाळ्यावर जाऊन बसल्या.

"ह्याच झोपाळ्यावर," त्या म्हणाल्या, "तुझे सासरे बसायचे."

माझे सासरे वादिराज. कोर्टात कारकून होते, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी फोटोतच बघितलंय.

"आमचं लग्न झालं तेव्हा मला म्हणाले, जगन्नाथपुरीला जाऊ. मी पण तुझ्यासारखीच, हरखले. दर वर्षी रेल्वेचं वेळापत्रक विकत आणायचे. रविवारी जेवण झालं की इथं बसून वाचायचे. हुबळी, गदग, कोप्पळ, होसपेटे, बळ्ळारी, गुंतकल. मग म्हणायचे, इंदू, गुंतकलला वीस मिनिटं थांबते गाडी, कॉफी घेऊ. मी उठून आत जायची आणि कॉफी करून आणायची."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? पिऊन झाली की गाडी पुढं. एकतीस वर्षं. त्यांना बाहेरचं पाणी बाधायचं. कुठली गाडी कुठं किती वाजता, सगळं मला पाठ आहे. गुंतकल इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, उत्तरा. मी बघितलेलं नाही." त्यांनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली होती. "आणि मूर्ख मी, मला आवडायचंसुद्धा ते. वाटायचं, किती हौशी नवरा आहे आपला!"

मी हातातला पॅनकेक खाली ठेवला. मला ह्या घरातले रविवार दिसायला लागले, एकापुढे एक, पोर्तुगाल, बेल्जियम, स्वीडन, आणि मी पन्नास वर्षांची, हातात फोन धरून उभी.

तेवढ्यात श्रीवत्स आला. मागचं काही त्यानं ऐकलं नसावं. खुर्ची ओढून बसला. माझ्यासमोर सात पॅनकेक होते, त्याच्या हातचे, जाळीदार. त्यानं त्यांचा वरून एक फोटो काढला. मग सवयीनं, अगदी दर रविवारसारखंच, आत बघून म्हणाला, "अव्वा, भात झाला का?"

कुकरच्या तीन शिट्ट्या सगळ्या गल्लीनं ऐकल्या होत्या. साराची फोडणी अजून नाकात होती.

"नाही," अत्या म्हणाल्या.

"म्हणजे? आत्ता तर कुकर—"

"अन्ना इल्ला."

अत्यांना साधा राग मराठीत येतो, खरा राग कन्नडात. भात नाही, हे चौतीस वर्षांत त्या मुलाला पहिल्यांदा म्हणत होत्या. त्या उठल्या. टेबलावरची चटणीची बरणी उचलली, मेतकुटाची उचलली, तुपाचं भांडं उचललं, आणि तिन्ही छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"अदन्न तिन्नू," त्या ताटलीकडे हनुवटी करून म्हणाल्या. तेच खा.

"अव्वा, त्यात अंडं आहे!"

"माहीत आहे. तूच फोडलंयस."

तो माझ्याकडे वळला. मी एक पॅनकेक त्याच्या ताटात घातला, वर करवंदाचा मुरंबा घातला. आठ महिने हा माणूस दर रविवारी कुठल्या ना कुठल्या देशाचं जेवण रांधत होता आणि कडेचा एक तुकडा मोडून "दहापैकी आठ" म्हणत होता. अख्खं काही त्यानं कधीच खाल्लं नव्हतं. त्यानं पहिला घास घेतला. डोळे मिटून चावला, कडू काढा घेतात तसा. गिळला. आम्ही दोघी बघत होतो. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यानं डोळे उघडले.

"पोटात कसंतरी होतंय," तो म्हणाला.

"होऊ दे," अत्या म्हणाल्या.

त्यानं तो संपवला. मी दुसरा वाढला, तोही संपवला. मग मी त्याचा फोन त्याच्यासमोर ठेवला. काही बोलले नाही. बोलले असते तर त्याला उत्तर द्यायला मिळालं असतं. त्यानं तो उचलला, पडद्यावर तारखा वरखाली सरकवल्या. एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तिथून कुणी हललेलं नव्हतं.

"शुक्रवारी सकाळी एक वेळ आहे," तो शेवटी बारीक आवाजात म्हणाला. "दोघांची."

"दाब," मी म्हटलं.

त्यानं दाबलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला त्याची दया आली, पण मी ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. शुक्रवारच्या आत हा काय काय करील ह्याचा भरवसा नव्हता, म्हणून मी तिथंच फोन ओढून घेतला आणि गुरुवारची बेंगळूरची दोन तिकिटं काढायला बसले. नावं, वय, सगळं भरलं.

"झाली का तुमची?" अत्यांनी विचारलं. त्यांनी अजून बरण्या खाली ठेवल्या नव्हत्या.

"होतायत."

"मग एक गुंतकलचं काढ. जायचं आणि यायचं. खिडकीजवळचं."

श्रीवत्सनं मान वर केली. "गुंतकलला? अव्वा, ते नुसतं जंक्शन आहे. तिथं कोण उतरतं? तिथं काय करणार तू?"

"वीस मिनिटं बसणार," अत्या म्हणाल्या. "आणि कॉफी पिणार. दुसऱ्या कुणीतरी केलेली."