एल्पिदाशेजारची जागा

मृत्यूपुढे सगळी माणसं सारखी असतात. हे वाक्य मी नागपूरच्या एका दैनिकात चाळीस वर्षांत किमान सहा वेळा छापलं आणि दर वेळी वाचकांची कौतुकाची पत्रं आली. मग दोन हजार पाच साली नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या कॉटवर थानासिस आला. त्याचे पाय कॉटबाहेर वीतभर लोंबकळताना पाहून मी ते वाक्य मागे घेतलं. सारखी माणसं निदान कॉटवर मावतात.

मी तिथे होतो खुब्याचं हाड मोडून. मुलीकडे, अक्षयाकडे, राहायला आलो आणि तिसऱ्याच महिन्यात तिच्या बाथरूममध्ये घसरलो. थानासिसला पोटाचा कॅन्सर होता. त्याने मला तसं सांगितलं नव्हतं. पण डॉक्टर माझ्यावर खेकसत आणि त्याच्याशी फार गोड बोलत, त्यावरून मी काय ते ओळखलं.

"बास्केटबॉल?" पहिल्या दिवशी मी विचारलं.

"छे, जॉकी होतो," तो छताकडे बघत म्हणाला.

बाकीची हकिगत दोन औषधांच्या मधल्या वेळात तुकड्यातुकड्यांनी आली. एकावन्न साली ग्रीसमधल्या त्याच्या गावच्या बंदरावर अमेरिकन खलाशी बास्केटबॉल खेळत. गावची पोरं तोवर दोन्ही पाय रोवून, दोन्ही हातांनी, विहिरीत घागर टाकावी तसा बॉल टाकायची. थानासिसने खलाशांचं बघून उडी मारली आणि हवेतूनच एका हाताने बॉल सोडला.

"बास्केट झाली. रेफरीने शिट्टी मारली, फाउल! मी म्हटलं, कसला फाउल? म्हणे, बॉल सुटला तेव्हा तू जमिनीवर नव्हतास."

ती उडी शिकवत शिकवतच तो कोच झाला. मुलींची टीम काढली तेव्हा त्यांच्या बापांनी खांबासकट रिंग उपटून नेली. त्याने दुसरी बसवली. सदुसष्ट साली लष्कराचं राज्य आलं. कर्नलसाहेबांचा हुकूम निघाला, मॅचच्या आधी टीमने सॅल्यूट ठोकायचा. थानासिसने टाइमआउट मागितला.

"किती वेळाचा?"

"अजून चालू आहे," तो म्हणाला.

नोकरी गेली, टीम गेली. इथे येऊन त्याने सायकलच्या कारखान्यात चाकं बसवली आणि संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये पोरांना शिकवलं. सात जण यायचे. त्यातले दोन हीटरसाठी. बायको एल्पिदा त्र्याहत्तर साली आजारी आईला बघायला गावी गेली आणि तिथेच वारली. याचा पासपोर्ट सरकारने रद्द केलेला. तिचं दफन झालं त्या दिवशी तो पहिल्या शिफ्टला होता. पुढे सरकार बदललं, पासपोर्ट मिळाला, तरी तो गेला नाही. का, ते मी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही.

सप्टेंबरात ग्रीस बास्केटबॉलमध्ये युरोपचा विजेता झाला. वॉर्डातल्या टीव्हीवर स्नूकर चालू होतं, म्हणून अक्षयाने ऑफिसातून बातमीचा प्रिंटआउट आणला. थानासिसने तो दोनदा वाचला.

"डावा हात कच्चा आहे सगळ्यांचा," म्हणाला. घडी करून उशीखाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात, दुपारचं कोमट सूप नाकारून झाल्यावर, त्याने माझ्याकडे मान वळवली.

"मुर्ली, मला इथे ठेवू नकोस."

"वॉर्डात?"

"इथल्या चिखलात. हाडं घरी जायला हवीत. वाइनने धुवायची, पेटीत ठेवायची. एल्पिदाच्या पेटीशेजारी जागा ठेवलीय. तिचा भाचा यानिस तिथे शाळेत मास्तर आहे. पत्ता ड्रॉवरमध्ये. पण त्याआधी..."

"अरे, मला काय समजावतोस!" मी म्हणालो. "आमच्यातही तेच. अस्थी! आम्ही वर दूध शिंपडतो, तुम्ही वाइन. तुमची पद्धत बरी."

तो हसला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता नर्स आली. त्याचं वाक्य राहिलं ते राहिलंच. दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडून टाळी घ्यायची मला जुनी सवय. आजवर तिच्यामुळे कुणाचं नुकसान झालं नव्हतं.

मला घरी सोडलं. नोव्हेंबरात थानासिस गेला. हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. फॉर्मवर नातेवाइकांच्या रकान्यात एकच नाव होतं, माझं, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने. त्यांची काही इच्छा होती का? दफन की दहन?

"दहन," मी ठणकावून सांगितलं. "आणि अस्थी मला द्या. ग्रीसला पाठवायच्यात."

बाईंनी मनापासून आभार मानले. मलाही आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटलं. क्रिमेटोरियममध्ये मी, अक्षया, एक नर्स आणि हीटरसाठी येणाऱ्या दोघांपैकी एक, असे चौघे होतो. दहा मिनिटांत आटोपलं.

आठवड्याने प्लास्टिकचा डबा मिळाला. आत करडी, बारीक पूड.

"हाडं कुठायत?" मी विचारलं.

"ती मशीनमध्ये दळतात, सर," काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला. "सगळ्यांचीच."

घरी येऊन अक्षयाने कॉम्प्युटर लावला. वाचलं, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बाबा, त्यांच्यात जाळत नाहीत हो. चालतच नाही. आधी पुरतात, तीन वर्षांनी उकरून काढतात, मग ती हाडं धुतात. तुम्ही विचारलं नव्हतं त्यांना?"

"तो सांगत होता," मी म्हणालो.

"मग?"

"मग मी विनोद केला."

दोन मीटर उंचीचा माणूस. त्याच्या मांडीचं हाड धुवायला बाटलीभर वाइन लागली असती. आता धुवायला काही उरलंच नव्हतं.

मी यानिसला पत्र लिहिलं. हे त्याने मागितलं नव्हतं, चूक सर्वस्वी माझी, त्याच्या माथी मारू नका, आणि जमलं तर मावशीशेजारी जागा द्या. चाळीस वर्षांतला माझा हा एकमेव मजकूर, ज्यात एकही गंमत नव्हती. कागदपत्रं अक्षयाने केली आणि डबा गेला.

उत्तर फेब्रुवारीत आलं, नीटस इंग्रजीत. गावच्या पाद्रीबाबांनी नाही म्हटलं. पूड पेटीत ठेवता येत नाही आणि जाळलेल्या माणसासाठी प्रार्थनाही म्हणता येत नाही. यानिस तीनदा जाऊन विनवून आला. मावशीशेजारची जागा पाद्रीबाबांनी दुसऱ्या कुटुंबाला देऊन टाकली. डबा सध्या शाळेच्या जिममध्ये, खेळाच्या सामानाच्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. थानासिस कोण, हे मुलांना माहीत नाही. पण डब्याला कुणी हात लावत नाही.

खाली दोन ओळी होत्या. एप्रिलपासून ते कपाट व्हॉलीबॉलवाल्यांना द्यायचं आहे. तोवर डबा परत नेण्याची काही सोय होत असेल, तर कृपया कळवावं.